दोन ठोके म्हंजे वर ओढ

व्हय, काच फोडनार हाय मी. म्हागाची असली तर असू दे. "मामा, आत कशाला हात लावू नका, सगळं महागाचं आहे," ऐकलं मी, बहिरा न्हाई. हात न्हाई लावला. पन तू म्हनलास आत्ता येतो, आन् हितं घड्याळ न्हाई, खिडकी न्हाई, उनाचा कवडसा बी न्हाई की मानसानं आत्ता म्हंजे किती ते वळखावं. सुयोग, माज्या बहिनीचा ल्योक हायस म्हनून सोडतोय. दुसरा कुनी असता तर कानाखाली जाळ काडला असता.

दार लागलंय. उघडंना.

मी मुलुंडला बिल्डिंगवर वॉचमन. दारं उघडायची आन् दारं लावायची, ह्योच माजा धंदा. आन् मलाच तुज्या ह्या खुराड्याचं दार उघडंना. कुलूप न्हाई, कडी न्हाई, हँडल चांगलं फिरतंय. पन ढकलाय गेलं की पलीकडनं कुनीतरी मुरमाची पोती रचून ठिवल्यागत वाटतंय. ढकललं की वाईच हलतंय, आन् सोडलं की परत बसतंय.

काचेवर स्टूल हानलं. खोटं न्हाई सांगत, समदा जोर लावून हानलं. काच न्हाईच फुटली, ते एक बरं. पन आवाज बी झाला न्हाई. हातात मुंग्या आल्या, आन् कानात काय बी न्हाई.

तवा गप स्टुलावर बसलो. ह्या माईकवर लाल बत्ती लागलीया. तूच सांगितलंवतंस, लाल बत्ती असली की बोलल्यालं समदं कॉम्प्युटरात जाऊन बसतं. म्हनून बोलतोय. तू यिशील, खुर्चीत बसशील, कानाला लावशील. पयल्यापास्नं सांगतो. म्हंजे मागनं "मामा, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल" म्हनायला तुला तोंड राहनार न्हाई.

सकाळी मी मानखुर्दला लेकीकडं, दर्शनाकडं गेलो. आये तिच्याकडंच असती, म्हाईत हाय तुला. आता आये उठत न्हाई. डोळं कवाच गेलं, पन कान असं की खालच्या मजल्यावर कुनी चपला काडल्या तरी ती सांगती कुनाच्या त्या. मी उंबऱ्यात पाय ठिवला आन् ती म्हनली, "धोंड्या, आज दाडी न्हाई केलीस. खाजवू नको."

दर्शना हसली. आये न्हाई हसली. उशाखालनं खनाच्या तुकड्यात बांदल्याली कॅसेट काडली आन् माज्या हातात दिली.

"डोळं गेलं," म्हनली. "कान हायती तवर जयवंताचा आवाज एकडाव ऐकव. मंग मी मोकळी."

एवडंच काम व्हतं. लई मोठं न्हाई. कॅसेट घ्यायची, साकीनाक्याला तुज्या रेकॉर्डिंगच्या गाळ्यावर यायचं, साफ करून घ्यायची, रातच्या ड्युटीच्या आत माघारी जायचं.

आता जयवंता कोन ते तुला फोटोतच म्हाईत. माजा थोरला भाऊ, तुजा थोरला मामा. आमी आटपाडीकडची मानसं, पान्याचा दुष्काळ, म्हनून इहिरी खनायच्या हीच कामं. जयवंता खाली उतरायचा, बा आन् मी वर दोरावर. इहिरीच्या कामाची एक रीत हाय. खाली उतरल्याल्या मानसाला वरनं नावानं हाक मारायची न्हाई. इहिरीला एकदा नाव कळलं की ती मानूस सोडत न्हाई, म्हातारी मानसं सांगायची. खरं-खोटं मी बगाय गेलो न्हाई, रीत म्हंजे रीत. खालचा मानूस पहारीनं कातळावर ठोकनार. एक ठोका म्हंजे मुरमानं भरल्याली बुट्टी वर घ्या. दोन ठोके म्हंजे मला वर ओढा. वरच्यानं तोंड उघडायचं न्हाई. दोर हलवायचा, की खालच्याला कळलं, वर कोनतरी हाय.

जयवंताचा गळा चांगला व्हता. आन् इहिरीत आवाज कसा घुमतो तुला काय सांगायचं. त्येनं बाजारातनं जुना टेपरिकॉर्डर आनला आन् बुट्टीत घालून इहिरीत सोडला, पार तळाला न्हाई, मधोमध, लोंबता. खाली खनत खनत गात व्हता. गानं कुनाचं न्हाई, त्याचंच.

दोर म्हनतो वर चल,
पानी म्हनतंय खाली ये,
सांग माज्या भावा, कुनाचं ऐकू...

तेवड्यात इहिरीची कडा सुटली, समदा मुरूम खाली ढासळला.

बा गावात पळाला, मानसं आनायला. जाताना म्हनला, दोर धरून बस आन् तोंड उघडू नको. बसलो. भर दुपार. कान इहिरीत सोडून बसलो. ठोका यील म्हनून. न्हाई आला. धुरळा वर यीत व्हता आन् ओल्या मुरमाचा वास. दुसऱ्या दिशी मयत काडली. बुट्टी तितंच मधी लोंबत व्हती, टेप सरून आपलाआप बंद पडल्याला.

ती ही कॅसेट. आदी गानं, मंग धडाका, मंग शेवटापतुर नुसती घूं घूं. इतकी वर्सं आयेच्या ट्रंकेत पडून कॅसेट पार गेल्याली, आता गान्यावर बी तीच घूं घूं.

तर मी तुज्याकडं आलो. ऐतवार, समद्या गाळ्यांची शटरं खाली. जिन्यात मांजर न्हाई. खाली रस्त्यावर तेवडं ते काँक्रीट फोडायचं मशीन, धडधड धडधड, दात हलत व्हते. तू कॉम्प्युटरम्होरं बसल्याला, केसांत हात घालून.

"मामा, जुन्या टेपचा आवाज साफ करायला एक भारी सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे. पण ते लिनक्सवर चालतं."

"मंग लाव की लिनक्स."

"माझ्याकडं विंडोज आहे ना."

"दुकान मांडून बसलायस आन् एक हाय तर एक न्हाई? गिऱ्हाईकाला काय सांगतोस, कप हाय पन च्या न्हाई?"

तू हसलास. "विंडोजच्या आतच लिनक्स बसवतो, मामा. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा. विंडोज घरमालक आणि लिनक्स पोटभाडेकरू."

आता ही गोष्ट मला पटली. मुंबईत कोन पोटभाडेकरू न्हाई? मंग तू ते काळं पान उघडलंस. काळ्याव पांढरी अक्षरं, मुंग्यांची रांग निगाल्यागत सरसर वर चालल्याली. ती थांबली, तू काय बडवलंस, परत चालली. मी दोन च्या प्यालो. सॉफ्टवेअर उघडलं, कॅसेट आत गेली, पडद्यावर हिरवी रेघ नाचाय लागली. पन आवाज न्हाई. एवडा म्हशीएवडा स्पीकर, आन् मुका.

"डिव्हाइस सापडत नाही म्हणतोय," तू म्हनलास.

"समोर तर हाय!"

"आपल्याला समोर आहे. तो आत आहे, मामा. आतल्याला बाहेरचं काहीच दिसत नाही. आतून बाहेर आवाजाचा पाईप टाकावा लागतो, मग त्याला तोंड फुटतं. आता असं बघा, विहिरीत उतरलेल्या माणसाला वरचं..."

"इहिरीचं नाव काडू नको," मी म्हनलं.

तू मान परत पडद्यात घातलीस. मी बी लई जोरात बोललो आसंन. पन तुला म्हाईत न्हाई.

मंग मोबाईलवर बगून बगून तू टाईप करत व्हतास. लाल अक्षरं आली. "वाट लागली," म्हनलास. फिरून केलंस. परत लाल. आईवरनं शिवी घातलीस, माज्यादेखत, ती मी सोडली. आन् मंग एकदम...

"झकास! आला!" स्पीकरातनं घूं घूं सुरू झाली. तू टाळी दिलीस. मंग पडद्याकडं बगून कपाळाला आठी. "च्यायला, माईक पण आला आत. मी फक्त स्पीकर मागितला होता."

"म्हंजे काय?"

"म्हणजे आता आतलं बाहेर येतंय, आणि आपलं पण आत जातंय."

"मंग बुजीव की त्यो पाईप."

"असू दे ना यार मामा. चालू झालंय तर हात नको लावूया. पुन्हा बंद पडलं तर रात्र होईल."

हितं चुकलं सुयोग. माजं न्हाई, तुजं. हे लिहून ठिव.

खालच्या त्या मशीनमुळं नीट ऐकू यीना, म्हनून तू मला ह्या काचेच्या खोलीत घातलंस. भितींना अंड्याच्या ट्रेगत काळा स्पंज. डिंकाचा वास. दार लागलं आन् रस्त्यावरची धडधड अशी गेली, जनू कुनी मुंडी पिरगळली. कसली खोली ही! शब्द तोंडातनं भाईर पडला की म्होरं जातच न्हाई, तितंच मरतो. मी खाकरलो, तर ते बी मेलं. तू काचेपलीकडं, तुजं तोंड हालतंय, आवाज न्हाई. कानाला हेडफोन लावला तवा तू बटन दाबून बोललास, तवा कळलं की मी अजून हाय.

"मामा, आता मशीनला सांगायचं की कचरा कोणता. टेपमधली अशी जागा पाहिजे, जिथं माणूस बोलत नाही, फक्त घूं घूं आहे. ते ऐकून मशीन शिकतं, कचरा असा असतो. मग तसलं सगळं, जिथं असेल तिथून, पुसून टाकतं."

"मंग धडाक्यानंतरचं घे."

"तिथं कोणी बोलत नाही ना? नक्की?"

"कोन बोलनार? खालचा मानूस मेल्याला, वरचा गप बसल्याला."

तू त्येवडा तुकडा धरलास. मशीनला ऐकवलास. मशीन शिकलं.

आन् मंग गानं लावलंस.

सुयोग, मला रडाय यीत न्हाई, तुला म्हाईत हाय. तुजी आई गेली तवा बी न्हाई आलं. पन जयवंता कानात असा गाय लागला, की त्येच्या धापा ऐकू येत व्हत्या. पहार कातळावर घासत व्हती ती ऐकू आली. मधीच थांबून तो थुकला, ते सुदिक ऐकू आलं. दोर म्हनतो वर चल... तू काचेतनं अंगठा दावलास. मी बी दावला.

धडाका झाला. तू म्हनलास, "आता पुढं काहीच नसेल. तोच तुकडा आपण कचरा म्हणून दिलाय, तो पूर्ण पुसला गेलाय."

तुजंच बोलनं, तुज्याच तोंडचं. म्होरं काय बी नसंल.

ठक. ठक.

तू पडद्याकडं बगितलंस. मी तुज्याकडं.

"रस्त्यावरचा ब्रेकर असेल," तू म्हनलास. पन रस्त्यावरचं मशीन त्या टेपात कसं यील? आन् ते धडधडतं. हे धडधडत न्हवतं. हे दमानं व्हतं. दमल्याल्या मानसाचं.

ठक. ठक.

पहार कातळावर.

मी काठावर दोर धरून बसलोवतो, आन् तो खाली ठोकत व्हता. आमच्या मधी एवडा मुरूम, की माज्या कानापतुर पोचलं न्हाई. टेप मधी लोंबत व्हता, त्येला पोचलं. वरचा वारा, वरची चिमनी, माजा दम, त्येच्याखाली ते दडल्यालं. आज तू वरचं समदं कचरा म्हनून पुसलंस, आन् खालचं तेवडं राहिलं.

माजं डोस्कं फिरलं. मी उटलो आन् ह्या माईकात वरडलो, "जयवंता! हाय रे मी वर! आलो!"

नावानं. जन्मात कवा न्हाई मारली ती हाक. वर कोन हाय ते बी सांगितलं.

ठोके थांबले.

"मामा, टेपला काय ओरडताय?" तू हसाय बगत व्हतास, हसू यीत न्हवतं. "ते रेकॉर्डिंग आहे..."

आन् मंग ती हिरवी रेघ. कॅसेट सरली व्हती, तूच म्हनलास, "संपली की टेप." पन रेघ चाललीवती. सपाट, सपाट, सपाट... आन् ठक. एकच. म्हंजे बुट्टी वर घ्या. बुट्टीत काय भरलंय, ते इचाराय कोन जानार?

तुजा मोबाईल वाजला तवाच. तू बटन दाबून ठिवलंस, "मामा, दर्शनाचा फोन आहे, इथं नेटवर्क नाही, जिन्यात जाऊन आत्ता येतो, बसा तुम्ही." गेलास.

तवापास्नं मी हितं हाय.

पयलं दार. ते सांगितलं. मंग वास. डिंकाचा वास गेला. ओल्या मुरमाचा यायला लागला, कडा सुटल्यावर यीतो तसा, जिभंवर बसनारा. मी म्हनलं ए.सी. बिगडला. मंग पाय गार पडले. खाली बगितलं तर गालिचा ओला. बोट लावून बगितलं. गढूळ हाय. इहिरीला पानी लागतं तवा तळ पयला असाच वलावतो, आन् मानसं वर नारळ फोडाय पळत्यात.

मंग ह्यो आवाज. ऐक... ऐकलंस? मी "ऐक" म्हनलो आन् ते माघारी आलं. ऐक... ऐक... ह्या खोलीत, सुयोग. जितं माजी खाकर बी मरत व्हती, तितं आता माजा शब्द भितीवरनं फिरून यीतोय. स्पंज तसाच हाय, हात लावून बगितला. पन घुमतंय. वरनं घुमतंय. वर बगाय मान उचलत न्हाई.

आन् म्होरचं सांगतो, ते नीट ऐक. काचेतनं तुजा पडदा दिसतोय. मी बोललो की हिरवी रेघ हालायची. पयल्यांदा हातभर हालायची. आता बोटभर हालतीया. मी शिव्या घातल्या, तरी बोटभर. मशीन मला पुसतंय. तू त्येला शिकवलंस ना, वरचा आवाज कचरा. वरचा म्हंजे कोन? त्या तुकड्यात वर काठावर एकटा मीच बसल्यालो. माजा दम व्हता त्यात. मशीननं मलाच वळखून ठिवलंय. जितं असंल तितनं पुसतंय.

थांब.

आलास! सुयोग! ए! सुयोग...

हिकडं बग. हिकडं! काचेकडं...

हां, आला. काचेपतुर आला. म्होरं उभा हाय, हातभरावर. सुयोग, मी हितं... अरे केस काय सारखं करतोस? काचेत बगून भांग सारखा करतोय. माज्या तोंडात तोंड घालून उभा हाय, आन् भांग पाडतोय. मी काचेवर दोनी हात मारतोय. तुजं डोळं माज्यातनं पलीकडं चाललंत.

खुर्चीत बसला. बटन दाबल्यालंच राहिलंय, तुजं बोलनं मला ऐकू यीतंय. फोन आता लागला वाटतं.

"दर्शना, मामा तिकडं आले का?... नाही? अगं मी जिन्यात तुझ्याशीच बोलत होतो, वर आलो तर हे गायब. न सांगता गेले... तापले असतील कशावरून तरी. तुला माहितीय ना तुझा बाप. त्या चुलतभावाच्या लग्नात जेवता जेवता उठून गावाला गेले होते. येतील. फोन इथंच टाकून गेलेत बघ."

हसतोय. ती बी तिकडनं हसली.

दर्शना, पोरी, हसू नको. मी गेलो न्हाई. सांग त्येला, बाबा चप्पल घातल्याबिगार जात न्हाई. सुयोग, दाराभाईर माजी चप्पल बग. बग एकडाव. हितंच हाय ना ती? मंग मी अनवानी गेलो व्हय?

"आजीला फोन दे," म्हनतोय. "गाणं एकदम झकास साफ झालंय, ऐकव तिला. स्पीकरजवळ धरतो. आणि सॉफ्टवेअरनं आपोआप पुढचं पण साफ केलंय, बरंच मोठं झालंय रेकॉर्डिंग... मी पण नाही ऐकलं अजून."

पुढचं म्हंजे हे. हे मी बोललो ते. ऐक. आता ऐक.

लावलं.

जयवंता गातोय. आये ऐकतीया. तिचा दम फोनात ऐकू यीतो, बारीक, चाळनीतनं पीठ पडल्यागत. सांग माज्या भावा, कुनाचं ऐकू... धडाका झाला. ठोके आले. मंग... मंग माजं बोलनं यायला पायजे. व्हय, काच फोडनार हाय मी. यायला पायजे. रेघ सपाट हाय. सुयोग जांभई दितोय. पुढं ढकलतोय, मधनंच ऐकतोय. "काहीच नाहीये, आजी, रिकामं आहे."

"थांब रं," आये म्हनली.

आये. आये, मी हाय...

"जयवंता हाय," आये म्हनली. "आन् संगट धोंड्या बी हाय."

"आजी, एकच आवाज आहे. धोंडूमामा आत्ताच गेलेत इथून."

"न्हाई रं बाबा. दोघं बी खालीच हायती." मंग नुसतं चाळनीतनं पीठ. "दोघं बी खाली... आन् वर कोनच न्हाई व्हय?"

फोन बंद झाला. का सुयोगनं केला. फोन त्येनं पालथा करून टेबलावर ठिवला. पोरगं घाबरलं.

आता मी डोकं वापरतो. तोंडाचा उपेग न्हाई, तोंड मशीन पुसतंय. ठोके पुसत न्हाई. खालचं ते पुसत न्हाई. ह्यो माईकचा लोखंडी दांडा हाय. ह्यो उचलला. पान्यात उभा हाय मी, घोट्यापतुर. ह्यो आपटतो तळाला. दोन डाव.

रेघ उडाली! हातभर उडाली! सुयोगनं मान वर केली. ऐकलं त्येनं. ऐकलंस ना? दोन ठोके म्हंजे काय, सांगितलंय तुला... न्हाई, सांगितल्यालं तुला ऐकू आलं न्हाई. तरी बी. दर्शनाला इचार, आयेला इचार.

आन् कळलं वाटतं वर. दोर हालला.

माज्या हेडफोनची वायर. भितीतनं न्हाई, ती खाली जमिनीतल्या भोकात जाती. ती हालली. वरचा हालवतो तशीच. ताठ झाली, सैल झाली. कोनतरी हाय, म्हनायचं.

पन सुयोग तर खुर्चीत बसलाय. दोनी हात टेबलावर.

आन् वायर खाली वडली जातीया.

सुयोग उटला. त्येच्या टेबलावरच्या माईककडं वाकला. तोंड उघडतोय. मला हाक मारनार हाय त्यो, नावानं.

सुयोग, नाव घिऊ नको. तोंड बंद कर, दाराकडं ये, दार ओढ.